पाळी जातानाची उदासी: द्राक्षातल्या औषधाने जाईल का?

बागायतदारीण, पिंपळगाव बसवंत
वय ४७. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी पंधरा दिवसांत. रात्री दरदरून घाम, सकाळी उठावंसंच वाटत नाही. गोडी छाटणीच्या गडबडीत मजुरांवर खेकसले आणि मग पंपाच्या खोलीत जाऊन रडले. नणंद म्हणते, "वहिनी, डिप्रेशनच्या गोळ्या नकोत, द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल घ्या." बाग तर आमचीच आहे, नुसती द्राक्षं खाऊन भागेल का? का सोयाबीन खाऊ?

जुना मेडिकलवाला, रविवार कारंजा
ताई, द्राक्षं खा, पण औषध म्हणून नको. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या बायकांना चाचणीत रोज दोनदा ७५ मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल दिलं होतं. लिटरभर रेड वाईनमध्येसुद्धा ते जेमतेम काही मिलिग्रॅम असतं. तुमची थॉमसन जातीची हिरवी द्राक्षं असतील तर त्याहून कमी. क्रेटच्या क्रेट संपवलेत तरी तो डोस भरायचा नाही, साखर मात्र वाढेल.

सोयाबीनमधली आयसोफ्लेव्होन्स नावाची द्रव्यं इस्ट्रोजेनची, म्हणजे बायकांच्या संप्रेरकाची, थोडी नक्कल करतात. काहींच्या आतड्यातले जिवाणू त्यापासून इक्वॉल नावाचं जास्त असरदार द्रव्य बनवतात, काहींचे नाही. शेजारणीला गुण आला म्हणून तुम्हाला येईलच असं नाही. घामाच्या लाटा थोड्या कमी होतात, उदासीबाबत पुरावा कच्चाच. केशराचंही तसंच, चाचण्या लहान.

सौम्य ते मध्यम डिप्रेशनवर खरोखर चालतं ते सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचं औषध, आणि माझ्या मते धोकाही त्याचाच जास्त. रक्त पातळ करणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असर ते कमी करतं. डिप्रेशनच्या गोळीबरोबर घेतलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं. लोक 'झाडपाला आहे' म्हणून डॉक्टरला सांगतच नाहीत!

सिडकोची मावशी
आधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, हिमोग्लोबिन बघ गं. माझा टीएसएच वाढलेला निघाला, सगळे मात्र 'वय झालं' म्हणत होते.

बागायतदारीण
थायरॉइडची गोळी चालूच आहे मावशी, ५० ची. नणंदेने अश्वगंधाही धाडलंय.

जुना मेडिकलवाला
मग डबी फोडू नका. अश्वगंधाने थायरॉइडचं प्रमाण हलतं, क्वचित लिव्हरलाही त्रास झालाय. डबी घेऊनच गायनॅककडे जा आणि पंपाच्या खोलीतलं रडणंही सांगा, नुसता घाम नको. डॉक्टरांनी डिप्रेशनच्या गोळ्या सुचवल्या तर घाबरू नका. जगणंच नको वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, रात्रीही लागतो.