कायबाबच्या जंगलात बिनबुकिंगचा तंबू

बुकिंग न करता, पैसे न भरता अमेरिकेतल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये (सरकारी जंगलात) तंबू ठोकता येतो का, असं बरेच जण विचारतात. येतो, फक्त नॅशनल पार्क आणि नॅशनल फॉरेस्ट यांची गल्लत करू नका, पार्कमध्ये असं चालत नाही. ग्रँड कॅन्यनच्या नॉर्थ रिमला, म्हणजे उत्तरेकडच्या कड्याला जाताना आम्ही जेकब लेक या छोट्या वस्तीच्या पुढे अ‍ॅरिझोनातल्या कायबाब नॅशनल फॉरेस्टमध्ये दोन रात्री काढल्या. फुकट. १४ दिवसांपर्यंत राहू देतात.

गाडी मात्र वाटेल तिथे घालायची नाही. कोणत्या कच्च्या रस्त्यावर गाडी चालते, याचा फॉरेस्ट सर्व्हिसचा (तिथल्या वनखात्याचा) नकाशा फुकट मिळतो. तो घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या, आम्हाला तिथे रेंज नावालाही नव्हती. आधी कुणी राहून गेल्याने उघडी पडलेली जागा असेल तर तीच घ्या.

खरी गोम पाण्याची. पाणी दिसलं की काठावर चटई अंथरायची आपली सवय! अ‍ॅरिझोनात जनावरांना दुसरं पाणी नसेल, तर त्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करायला कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे सगळं पाणी सोबत न्यायचं. आम्ही दोघांसाठी २० लिटर नेलं होतं. दुसऱ्या रात्री खिचडी करपली आणि कुकर घासायला पाणीच उरलं नाही. तो तसाच पिशवीत बांधून घरी आणला.

शौचाला सहा-आठ इंच खड्डा, कागद परत आणायचा. मे-जूनमध्ये शेकोटीवर बंदी आहे का ते निघण्याआधी बघा. आणि स्वेटर घ्याच, उंची आठ हजार फुटांच्या आसपास आहे, जूनमध्येही आम्ही कुडकुडलो.