जेथ्रो टल : समोर बसून ऐकलेल्यांनी लिहावं

मंडळी,

जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक बँडच्या अल्बमांवर आपण पुष्कळ बोललो. आता प्रत्यक्ष कार्यक्रम पाहिलेल्यांनी लिहावं अशी विनंती आहे. हा बँड १९६८ पासून रंगमंचावर आहे. गिटारवाले, ड्रमवाले, कीबोर्डवाले बदलत गेले, मधोमध एक पाय उचलून फ्लूट वाजवणारा इयन अँडरसन मात्र तोच. जन्म १९४७ चा. १९८४ च्या दौऱ्यात त्याचा गळा दुखावला आणि पूर्वीचा कधी परत आला नाही. २०२० मध्ये त्याने स्वतःच सांगितलं की त्याला सीओपीडी, म्हणजे फुप्फुसाचा न बरा होणारा विकार आहे. वर्षानुवर्षं रंगमंचावर सोडल्या जाणाऱ्या कृत्रिम धुराला त्याने त्याचा दोष दिला. आणि त्यानंतरही २०२२, २०२३ आणि २०२५ मध्ये नवे अल्बम आले, दौरेही चालू राहिले.

ज्याचं सगळं वाद्य, सगळं गाणं श्वासावर चालतं, त्याचाच श्वास आखूड झाला, तर त्याला ऐकायला जावं का? माझं उत्तर 'जावं' असं आहे, पण तुमचं वेगळं असेल तर तेही हवंय. साल, गाव, फ्लूट कसा लागला, गळा कसा होता, हे जमेल तेवढं नेमकं लिहा.

सुरुवात मी करतो.

मुंबई, १९९४

बँडची पंचवीस वर्षं नुकतीच साजरी झाली होती. अँडरसन, गिटारवर मार्टिन बार, ड्रमवर डोन पेरी, बेसवर डेव्ह पेग, कीबोर्डवर अँड्र्यू गिडिंग्ज. आम्ही डोंबिवलीची पोरं. टल म्हणजे आमच्यासाठी कॉपी करून करून घासलेल्या कॅसेटी. खरी कॅसेट घ्यायची तर काळा घोड्याला ऱ्हिदम हाउस, आणि तिथे बऱ्याचदा नुसतंच उलटून पालटून बघायचं.

बरोबरच्या मित्राचं बासरीचं रीतसर शिक्षण चालू होतं. फुंकेचा आवाज ऐकू येता कामा नये, फक्त सूर यावा, हे त्याच्या हाडात भिनलेलं. आणि इथे माणूस फुंक लपवत नव्हता, उलट तीच पुढे आणत होता. वाजवताना घशातून गुणगुणायचा, जीभ फडफडवायचा, मधेच धापा टाकल्यासारखा श्वास घ्यायचा आणि तो श्वासही तालात. फुंकेबरोबर गाण्याची ही रीत अमेरिकन जॅझवादक रोलंड कर्कची. टलच्या पहिल्याच अल्बमवर कर्कची एक रचना आहे, म्हणजे ऋण तेव्हाच मान्य केलेलं. कॅसेटवर हे सगळं खरखरीत बुडून जायचं. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की टलमध्ये फ्लूट हे निम्मं तालवाद्य आहे. मित्र तर पुढचे कित्येक दिवस दुसरं काही बोलत नव्हता.

गळा? वरच्या पट्टीच्या ओळी तो तेव्हाच टाळत होता. पण त्या दिवशी त्याची फिकीर कोणाला होती!

न्यू यॉर्क, ऑक्टोबर १९७८

मी इथल्या बहुतेकांपेक्षा वयाने मोठा असेन. तेव्हा न्यू जर्सीत शिकत होतो, खोलीतल्या अमेरिकन मुलाने तिकीट काढलं म्हणून गेलो. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, ९ ऑक्टोबर. कार्यक्रमाचा काही भाग उपग्रहावरून थेट ब्रिटनच्या टीव्हीवर जात होता. आज यात कुणाला काही वाटणार नाही. तेव्हा आम्ही वर बसून कॅमेऱ्यांकडेच बघत होतो, की हे आत्ता, याच क्षणी, लंडनमधल्या घरात दिसतंय.

तुम्ही गळ्याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, तेव्हाचा गळा ऐकलेला माणूस नंतरचं ऐकताना थोडा कासावीस होतोच. भरलेला, थोडा अनुनासिक, टोकाला धार असलेला आवाज. आणि तो माणूस एका जागी उभा राहत नसे. फ्लूट काठीसारखा फिरवायचा, उडी मारून माइकशी यायचा आणि पुढची ओळ बरोबर जागेवर पकडायचा. कीबोर्डवर दोघं, जॉन इव्हन पांढऱ्या सुटात आणि डी पामर. ड्रमवर बॅरिमोर बार्लो, त्याच्यासारखा ड्रमवाला टलला पुन्हा मिळाला नाही असं माझं ठाम मत आहे. बेसवर मात्र नेहमीचा जॉन ग्लासकॉक नव्हता. तो हृदयाच्या आजाराने घरी होता, त्याच्या जागी टोनी विल्यम्स उभा राहिला. पुढच्याच वर्षी ग्लासकॉक गेला, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी.

शेवटी अँडरसनने भलेमोठे फुगे प्रेक्षकांत सोडले. हजारो माणसं हात वर करून ते ढकलत होती. एकीकडे कान बधिर करणारी गिटार आणि दुसरीकडे फुग्यांमागे लागलेली मोठी माणसं. मी नुकताच सांगलीहून आलेलो. माणसं एवढी मोकळी होऊ शकतात हे तिथे पाहिलं.

मुंबई, ५ डिसेंबर २००८

हा कार्यक्रम मुळात २९ नोव्हेंबरला होता. टल आणि अनुष्का शंकर असा दौरा होता. २६ तारखेला हल्ला झाला. माझं ऑफिस फोर्टात, त्या तीन दिवसांबद्दल इथे लिहीत नाही. कार्यक्रम पुढे ढकलला, आणि मग 'अ बिलियन हँड्स कॉन्सर्ट' या नावाने, हल्ल्यात होरपळलेल्यांच्या मदतीसाठी झाला.

घरच्यांचा विरोध होता. सासूबाई म्हणाल्या, "आत्ता गर्दीत कशाला जातेस?" आणि मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही, तरी गेले. दारात पिशव्यांची झडती, रांगेत कुणी फारसं बोलत नव्हतं. अशा वेळी परदेशी कलाकाराने विमान पकडून निघून जाणं अगदी साहजिक होतं, कुणी नावं ठेवली नसती. ही माणसं पुन्हा उभी राहिली.

सतार आणि फ्लूट एकत्र हे ऐकायला अवघड वाटतं. पण सतारीचा सूर छेडल्यावर विरत जातो आणि फ्लूटचा सूर श्वास असेपर्यंत टिकतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांच्या रिकाम्या जागा भरत होते. अनुष्काची बोटं वेगात धावत असताना अँडरसन खाली वाकून तिच्या हाताकडे बघत होता, आणि संधी मिळताच तीच ओळ फ्लूटवर उलटून देत होता. मला संगीतातलं शास्त्र कळत नाही. त्या आठवड्यात शहरातल्या कुठल्याही आवाजाने मी दचकत होते, आणि तिथे दोन तास ड्रम वाजत असताना एकदाही दचकले नाही. गळा कसा होता ते खरंच लक्षात नाही.

कँटरबरी, डिसेंबर

थोडा वेगळा अनुभव. अँडरसन नाताळच्या सुमारास इंग्लंडमधल्या जुन्या कॅथीड्रलांमध्ये कार्यक्रम करतो, जमलेला पैसा त्या वास्तूच्या देखभालीला जातो. आम्ही कँटरबरीला गेलो. बाकं कडक, थंडी हाडात शिरणारी, खांबाआड जागा मिळाली तर दिसत काही नाही. चर्चचे गायक गातात, धर्मगुरू वाचन करतात आणि मधे मधे टल.

दगडी इमारतीत प्रत्येक आवाज काही सेकंद घुमत राहतो. रॉक बँडचा तिथे चिखल व्हायला वेळ लागत नाही. ड्रमवाला इतक्या हलक्या हाताने वाजवत होता की काठ्या टेकवतोय असं वाटावं. पण बाखची 'बूरे' सुरू झाली आणि सगळं जुळून आलं. ही चीज बाखने ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठी लिहिली, टलने १९६९ च्या 'स्टँड अप' अल्बमवर ती जॅझच्या झोक्यात घेतली, आणि तेव्हापासून अर्धशतकाहून अधिक काळ वाजवत आहेत. त्या इमारतीत एक सूर संपायच्या आत दुसरा त्यावर चढत होता, एकटा फ्लूट स्वतःलाच साथ देत होता. माझ्या मते अँडरसनला आता ऐकायचं तर अशाच जागी. गळ्यावर भार कमी, फ्लूटला जागा जास्त, आणि इमारतच सूर लांबवते.

एका गोष्टीची भर, पहिल्या अनुभवातल्या बासरीवाल्या मित्रासाठी. अँडरसन फ्लूट स्वतःच शिकला. १९६७ मध्ये त्याने आपली गिटार देऊन फ्लूट आणि माइक घेतला. नव्वदीच्या सुरुवातीला त्याची मुलगी शाळेत फ्लूट शिकू लागली तेव्हा लक्षात आलं की त्याची बोटं काही ठिकाणी चुकीची पडतात. चाळिशी उलटलेल्या, जगभर नाव झालेल्या माणसाने बोटं पुन्हा पहिल्यापासून बसवली. म्हणजे १९९४ ला तुम्ही ऐकलंत ते नव्याने शिकलेलं वाजवणं होतं!

शिकागो, २०१२

मी 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' साठीच गेले होते. १९७२ चा अल्बम, जवळपास ४४ मिनिटांचं एकच गाणं, रेकॉर्डवर बाजू बदलायची म्हणून मधे तुटलेलं. जेराल्ड बोस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने ते लिहिलं अशी कल्पना, आणि २०१२ च्या दुसऱ्या भागात तो मुलगा मोठा होऊन काय काय झाला असता याच्या शक्यता. या दौऱ्यात आधी पहिला अल्बम अखंड, मग सुट्टी, मग दुसरा अखंड.

गळ्यावर त्यांनी शोधलेला तोडगा मला फार आवडला. रायन ओडॉनल नावाचा तरुण नट-गायक बरोबर होता. उंच जाणाऱ्या ओळी तो घ्यायचा, सांगितल्यासारख्या ओळी अँडरसन. कधी एकच वाक्य दोघांत वाटलेलं. तरुण आवाज आणि म्हातारा आवाज एकाच मुलाची गोष्ट सांगतात हे गाण्याच्या अर्थालाच धरून होतं. अडचणीतून नाटक उभं राहिलं. फ्लोरियन ओपालेची गिटार स्वच्छ, अचूक. आणि इतक्या वेळा ताल बदलणारं ते गाणं समोरासमोर, कुठेही न थांबता घडताना बघणं! आमच्या रांगेतले पन्नाशीचे गृहस्थ प्रत्येक वळणाच्या एक मात्रा आधी मान हलवत होते. सगळं पाठ.

बॉस्टनजवळ, २०१९

इथे टल नाही, मार्टिन बार बँड. बार १९६८ च्या डिसेंबरात टलमध्ये आला आणि चार दशकांहून जास्त काळ तिथेच राहिला. आता स्वतःचा बँड घेऊन तीच गाणी वाजवतो. छोटं नाट्यगृह, पहिल्या रांगेतून त्याची बोटं मोजता येतील इतकं जवळ. डॅन क्रिस्प गातो आणि चांगला गातो, मूळच्या पट्टीची आठवण येईल असा. फ्लूटच्या बऱ्याचशा ओळी गिटारवर घेतलेल्या. 'अ‍ॅक्वालंग' गाण्यातला तो गिटारचा सोलो ज्याच्या हातून १९७१ मध्ये उतरला त्याच्याच हातून ऐकताना अंगावर काटा आला.

तरी सांगतो, काहीतरी कमी होतं. सगळं सुरात, सगळं दणदणीत, पण गाण्यातला तो तिरकस, डोळे मोठे करून गोष्ट सांगणारा माणूस नव्हता. ज्याच्याकडे गळा आहे तिथे तो माणूस नाही, आणि जिथे माणूस आहे तिथे गळा नाही. दोन्ही ऐकावं. एकाने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

नेदरलँड्स, अलीकडे

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. टल माझ्या वडिलांचा बँड. ते गेल्यावर त्यांच्या वाटचं म्हणून मी गेलो. फ्लूट अजून लखलखीत आहे, मान्य. वाद्यवृंद चोख. पण गाणं सुरू झालं की माझा जीव वर-खाली होत होता. प्रत्येक ओळीआधी वाटायचं, ही पोहोचेल ना? लांब स्वर तोडून, अर्धे बोलून पूर्ण केले जात होते. तो आजाराशी झगडतोय हे ठाऊक होतं, म्हणून अधिकच. संगीत ऐकताना मला गाणाऱ्याची काळजी करायची नाही, त्याच्यावर विसंबायचं असतं. निम्मा कार्यक्रम वाद्यांचाच ठेवला तर मी पुन्हा जाईन. या रूपात नाही.

*(धागा काढणारा:) रागाचा प्रश्नच नाही, याचसाठी विचारलं होतं. तुमचं 'विसंबायचं असतं' हे मला पटलं. फक्त एवढंच म्हणेन, आपल्याकडे थकलेल्या गवयाच्या मैफलीला आपण जातो तेव्हा तान किती लांब गेली हे बघत नाही, तो कोणती जागा अजून घेतो आणि कशी घेतो ते ऐकतो. 'माय गॉड' या गाण्यातला फ्लूटचा भाग १९७० मध्ये इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट महोत्सवात वाजवलेला आणि आत्ताचा असे लागोपाठ ऐकून बघा. वेग कमी झालाय. निवड जास्त चोखंदळ झालीय.*

मुंबई, ध्वनिव्यवस्थेचं काम करतो

वरची चर्चा वाचून कामाचं तेवढं लिहितो, तिकीट काढणाऱ्यांसाठी. फ्लूटवर गुणगुणणं, श्वास, जिभेचा फटकारा हे सगळं माइक ओठांच्या अगदी जवळ असतो म्हणून ऐकू येतं, आणि ते नाजूक असतं. सभागृहाच्या कडेला किंवा बाल्कनीखाली मागे बसलात तर ड्रम आणि बेस तेवढे पोहोचतील, फ्लूटचा नुसता सूर येईल, फुंक येणार नाही. ध्वनिनियंत्रकाचं टेबल जिथे मांडलेलं असतं त्याच्या आसपासची खुर्ची घ्या. तो जे ऐकून समतोल साधतो तेच तुम्हाला ऐकू येईल. पहिल्या रांगेचा मोह टाळा, तिथे मुख्य स्पीकरचा आवाज डोक्यावरून जातो.

कार्यक्रम दोन भागांत असतो, मधे सुट्टी. पहिल्या भागात नवी आणि कमी वाजणारी गाणी असतील तर कंटाळू नका, नव्या गाण्यांच्या चाली त्याने आजच्या आपल्या गळ्याला बेतून केल्यात, त्यामुळे आवाज तिथेच सगळ्यात बरा लागतो. फोटो-चित्रीकरण शेवटच्या गाण्यापर्यंत करू नका अशी सूचना सुरुवातीलाच होते आणि लोक ती पाळतात. ते शेवटचं गाणं म्हणजे 'लोकोमोटिव्ह ब्रेथ', पियानोने सुरू होतं. पियानो ऐकू आला की फोन काढा, तोवर खिशात.