मदत हवी आहे: काजू-कोकमाच्या दुकानाच्या वेबसाइटसाठी होस्टिंग कुठलं घ्यावं?

सोलां_आगळ

नमस्कार मंडळी. फोंडा तालुक्यात आमचा घरचा धंदा आहे. काजू भाजून, सोलून, प्रतवारी लावून विकतो. सोबत आमसुलं, आगळ, थोडी हळद नि मिरी. दुकान रस्त्यालगत असल्यामुळे मंगेशीला, म्हार्दोळला देवदर्शनाला आलेले पुण्या-मुंबईचे लोक थांबतात, अर्धा किलो नेतात आणि महिनाभराने फोन करतात, अजून दोन किलो पाठवा म्हणून. हे फोन नि व्हॉट्सअॅप मीच सांभाळते. एरवी निभतं. दिवाळीच्या आधी मात्र पैसे कुणी टाकले आणि नुसतं 'ओके' कुणी म्हटलं, याचा ताळमेळ लागत नाही. म्हणून ऑर्डर आणि पैसे दोन्ही वेबसाइटवरच घ्यायचं ठरवलंय.

आधी एक साइट होती, गावातल्याच मुलाने करून दिलेली. चार पानं, फोटो, पत्ता, फोन नंबर. तो आता बोटीवर कामाला आहे. साइट सध्या उघडत नाही, होस्टिंगची, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या जागेची, मुदत संपली म्हणतो. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, अजून चालू आहे, पण त्याच्याच खात्यात आहे. डॉट इन आहे. ते नाव आमच्या डब्यांवर छापलेलं असल्यामुळे बदलायचं नाही.

आता हवंय ते असं: पंचवीस-तीस वस्तू, मराठी आणि इंग्रजी, यूपीआय नि कार्डाने पैसे, शिवाय दुकानाच्या नावाचा ईमेल. हॉटेलवाल्यांना कोटेशन पाठवताना जीमेलचा पत्ता बरा दिसत नाही. वर्डप्रेस (साइट बांधायचं सॉफ्टवेअर) आणि वूकॉमर्स (त्यावर दुकान मांडायची जोड) जवळजवळ नक्की आहे, जाऊबाईंनी ते शिकून घेतलंय. वर्षाला पाच-सहा हजार खर्च चालेल.

अडलंय ते होस्टिंगपाशी. शेअर्ड, क्लाउड, व्हीपीएस, काय ते कळत नाही. 'सर्वोत्तम दहा' अशा याद्या वाचल्या तर प्रत्येकीत पहिला नंबर वेगळाच. महिना ७९ रुपये वगैरे जाहिराती खऱ्या धरायच्या का? सर्व्हर, म्हणजे साइट ज्यावर चालते तो कॉम्प्युटर, भारतातलाच हवा का? होस्टिंगबरोबर फुकट मिळणारा ईमेल पुरतो का? आणि नणंदेचा मुलगा फर्मागुडीला इंजिनिअरिंगला आहे, तो म्हणतो घरात फायबर आहे, जुना कॉम्प्युटर पडून आहे, त्यावरच साइट चालवू, भाडं कशाला भरायचं? मामंजींना हे भलतंच पटलंय. त्यांना काय सांगू तेही कळवा.

खाजें

मामंजींना एवढंच सांगा, जून महिन्यात आपल्याकडे वीज जाते तेव्हा पुण्याच्या गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं. त्याला दुकान बंद पडलंय असंच वाटणार.

भाच्याचा उत्साह मोडू नका, त्याला सरावासाठी चालवू दे. पण घरगुती फायबरवर बहुतेक वेळा स्वतंत्र आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळत नाही, एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असतो. बाहेरून तुमच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायचं तर स्टॅटिक (न बदलणारा) आयपी वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. त्यात यूपीएस, विजेचं बिल, पावसाळ्यात कडाडलं की मोडेम जळायची भीती. भाडं परवडलं.

पर्वरीकर

ताई, होस्टिंगचं नंतर. आधी डोमेन ताब्यात घ्या. होस्टिंग चुकलं तर दुपारभरात दुसरीकडे हलवता येतं, डोमेन हातचं गेलं तर डबे नव्याने छापावे लागतील. त्याच्या मुदतीची तारीख आजच बघून ठेवा. मुदत संपल्यावर काही दिवस सवलत मिळते, त्यानंतर सोडवायला मोठा दंड लागतो आणि तेही चुकलं की नाव कुणीही उचलू शकतो.

त्या मुलाचं नि तुमचं बरं असेल तर काम सोपं आहे. त्याचं डोमेन ज्या कंपनीकडे आहे, तिथेच तुम्ही तुमच्या ईमेलने मोफत खातं उघडा आणि डोमेन त्या खात्यात ढकलायला त्याला सांगा. बहुतेक कंपन्यांकडे एका खात्यातून दुसऱ्यात टाकायला पैसे पडत नाहीत. कंपनीच बदलायची तर डोमेनचं लॉक काढणं, ऑथ कोड (डोमेन हलवायचा गुप्त कोड) घेणं, एक वर्षाचं शुल्क भरणं एवढं करावं लागतं. ते सावकाश करा. ढकलून झालं की नोंदणीत मालक म्हणून दुकानाचं नाव, तुमचा पत्ता, तुमचा फोन आहे ना, ते तपासा. खातं तुमचं पण नोंद त्याची, असं राहू देऊ नका. डॉट इनची नोंदवही निक्सी ही संस्था सांभाळते. उद्या वाद झालाच तर नोंदीत नाव कुणाचं आहे इथूनच बोलणं सुरू होतं.

आता होस्टिंग. याद्यांमध्ये पहिला नंबर वेगवेगळा का, तर लिहिणाऱ्याला त्याच्या लिंकवरून झालेल्या विक्रीवर दलाली मिळते. ज्याची दलाली जास्त तो वर. आणि नावं दहा दिसली तरी मालक दहा नसतात. ब्लूहोस्ट, होस्टगेटर आणि बिगरॉक ही तिन्ही न्यूफोल्ड डिजिटल या एकाच कंपनीची. म्हणून याद्या मिटवा आणि तुमच्या कामाला काय लागतं ते बघा.

तीस वस्तूंच्या दुकानाला चांगलं शेअर्ड होस्टिंग (एकच सर्व्हर अनेकांत वाटलेला) पुरतं. व्हीपीएस (सर्व्हरचा स्वतंत्र वाटा) स्वस्त दिसतं, पण तिथे रिकामं मशीन देतात. लिनक्सचे अपडेट, फायरवॉल, बॅकअप सगळं तुमच्यावर. चवथीच्या दिवशी डेटाबेस बंद पडला तर मोदक सोडून कोण बसणार? मॅनेज्ड (देखभाल कंपनीच करते ते) व्हीपीएस तुमच्या बजेटच्या बाहेर जाईल. 'क्लाउड' हा शब्द जाहिरातीत कुठेही चिकटवतात, त्यावर जाऊ नका.

सर्व्हर भारतात हवा का? तुमच्या बाबतीत होय. गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, मग सर्व्हर अमेरिकेत ठेवून प्रत्येक विनंती समुद्रापार पाठवण्यात काय अर्थ? मुंबईच्या सर्व्हरकडे निरोप जाऊन उत्तर यायला शंभराच्या आतच मिलिसेकंद (सेकंदाचे हजारावे भाग) लागतात, अमेरिकेला दोनशेच्या वर. साधी पानं क्लाउडफ्लेअरसारख्या सेवेने जवळच्या ठिकाणी साठवता येतात, तिथे हा फरक झाकला जातो. पण कार्ट आणि पैसे भरायचं पान प्रत्येकाचं वेगळं, ते साठवता येत नाही, आणि गिऱ्हाईक कंटाळून निघून जातं ते नेमकं तिथेच. होस्टिंगर आणि नाशिकची माइल्सवेब, दोघांकडेही भारतातला सर्व्हर मिळतो. या दोघांतूनच घ्या असं नाही, पण शोध इथून सुरू करायला हरकत नाही. घेताना सर्व्हरचं ठिकाण स्वतः निवडा, न बघता पुढे गेलात तर भलताच देश पदरी पडेल.

विकत घेण्याआधी त्यांच्या चॅटवर रात्री दहानंतर हे विचारा: पीएचपीला (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं तिला) मेमरी किती देता? वूकॉमर्स स्वतः २५६ एमबी किंवा जास्त सुचवतं. आयनोड किती? म्हणजे फाइलींची संख्या. 'अनलिमिटेड' लिहिलेल्या प्लॅनलाही ही मर्यादा असते, आणि वर्डप्रेस एकेका फोटोचे पाच-सात आकार करून ठेवतं, त्यामुळे ती वाटते त्यापेक्षा लवकर भरते. बॅकअप रोज घेता की आठवड्याने, आणि परत हवा असेल तर पैसे लागतात का? उत्तरं सरळ आली तर पुढे बोला. प्रत्येक प्रश्नाला 'वरचा प्लॅन घ्या' एवढंच ऐकू आलं तर सोडून द्या. त्यांनी बॅकअप दिला तरी अपड्राफ्टप्लस या वर्डप्रेसच्या जोडणीने आपला एक गूगल ड्राइव्हवर ठेवा.

एसएसएलसाठी (साइट सुरक्षित आहे हे दाखवणाऱ्या कुलपासाठी) वेगळे पैसे देऊ नका. लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र मोफत असतं, ९० दिवसांचं, होस्टिंगवाल्याकडून आपोआप नवं होत राहतं.

ईमेल मात्र होस्टिंगपासून वेगळा ठेवा. शेअर्ड सर्व्हरवर तुमच्या शेजारच्या कुणी कचरा मेल पाठवले की सगळ्यांचा आयपी काळ्या यादीत जातो आणि तुमचं कोटेशन हॉटेलवाल्याच्या स्पॅममध्ये पडतं. झोहो मेलचा लहान धंद्यासाठी मोफत प्लॅन आहे, तो ब्राउझरमधून आणि त्यांच्या अॅपमधून चालतो. तुम्हाला तेवढं पुरेल. डोमेनच्या डीएनएसमध्ये (नावावरून साइट नि मेल कुठे न्यायचे ते सांगणाऱ्या यादीत) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल खरंच तुमचा आहे हे पटवणाऱ्या, तिन्ही नोंदी घाला, ते भाच्याला द्या. अभ्यासक्रमात नसेल तरी अर्ध्या तासात शिकेल.

साखळीकर

मला एक कळत नाही, एवढा व्याप हवाच कशाला? व्हॉट्सअॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये ५०० वस्तू बसतात, फुकट. यूपीआयचा क्यूआर पाठवायचा, झालं. आमच्या काकूंचं लोणच्याचं सगळं त्यावरच चालतं.

सोलां_आगळ

@साखळीकर, कॅटलॉग आहेच आमचा. वस्तू दाखवायला तो छान. पण कुणाचे पैसे आले, पिनकोड काय, पार्सल गेलं का, हे मला वहीतच मांडावं लागतं. दिवाळीत वही नि फोन दोन्ही माझ्याच हातात, आणि समोर दुकानातलं गिऱ्हाईक उभं.

@खाजें, मामंजी हसले. भाचा नाही हसला.

मडगावचा_हिशेब

जाहिरातीतल्या आकड्याचं मी सांगतो. महिना ७९ हा भाव बहुधा ४८ महिन्यांचे पैसे एकदम भरले तरच असतो. म्हणजे आज ३,७९२ रुपये, वर १८ टक्के जीएसटी, मिळून सुमारे ४,४७५. हे वाईट नाही. पण मुदत संपल्यावरचा भाव खाली बारीक अक्षरात असतो. तो समजा २९९ असेल तर पुढे प्रत्येक वर्षाला करासकट सुमारे ४,२३४ पडतील. तुलना नेहमी नूतनीकरणाच्या भावाने करा, पहिल्या भावाने नको. नव्या कंपनीकडे चार वर्षांचे पैसे आधीच अडकवू नयेत हे माझं मत. पहिलं वर्ष थोडं महाग पडू दे.

राज्याबाहेर माल पाठवता म्हणजे जीएसटी नंबर असेलच. करपात्र माल परराज्यात विकायचा तर तिथे उलाढालीच्या मर्यादेची सूट चालत नाही, आणि कंपोझिशनमध्ये (लहान धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) राहूनही तसा विकता येत नाही. नंबर असेल तर होस्टिंग घेताना बिलावर तो टाका, भरलेला कर वळता करून मिळेल. जीएसटीचं नीट बिल देणारी कंपनी बघा. डॉलरमध्ये बिल लावणारी परदेशी कंपनी घेतलीत तर कर रिव्हर्स चार्जने तुम्हालाच भरावा लागेल, फुकटची कटकट.

आणखी एक. 'ऑटो रिन्यू' चालू केलं म्हणून झोपू नका. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी ई-मँडेट (गिऱ्हाइकाने आधी नोंदवलेली परवानगी) लागू केलं. त्याची नोंद झाली नसेल तर वसुली होत नाही आणि कंपनीचा मेल बघितला नाही तर डोमेन संपतं. डोमेनचे दोन-तीन वर्षांचे पैसे एकदम भरा, तिथे सहसा पस्तावायला होत नाही.

पर्वरीकर

हिशेबवाल्यांचं बरोबर. पेमेंट गेटवेचं (साइटवर पैसे घेऊन देणाऱ्या सेवेचं) राहिलं. गेटवे मंजुरी देण्याआधी साइट बघतात. परताव्याचे नियम, अटी, गोपनीयता, संपर्काचा खरा पत्ता ही पानं लागतात. खाद्यपदार्थ आहेत म्हणून एफएसएसएआय (अन्न परवान्याचा) क्रमांकही तळाला टाका. दिवाळीच्या दोन आठवडे आधी अर्ज करून घाई करू नका, श्रावणातच उरका.

आणि जाऊबाईंना सांगा, फोनमधला पाच एमबीचा काजूचा फोटो जसाच्या तसा चढवू नका. लहान करून, वेबपी (फोटोचा हलका प्रकार) करून चढवा. साइट हळू चालते म्हणून होस्टिंगला शिव्या घालणाऱ्या निम्म्या लोकांचं दुखणं तेवढंच असतं.

सोलां_आगळ

सगळ्यांचे आभार. जीएसटी नंबर आहे, साधा, कंपोझिशनचा नाही. त्या मुलाशी बोलणं झालं, बिचारा लगेच तयार झाला. पण लॉगिन करताना ओटीपी त्याच्या गोव्याच्या नंबरवर येतो आणि बोटीवर ते सिम चालत नाही. सिम घरी आईच्या फोनमध्ये घातलेलं आहे. आईंना ओटीपी वाचून दाखवायला सांगायचं का? त्या आधीच असल्या फोनांना घाबरून असतात.

पर्वरीकर

घाबरतात ते चांगलंच आहे. तुम्ही परस्पर मागू नका. मुलालाच आईला व्हिडिओ कॉल करू दे, त्याने स्वतः लॉगिन करायचं, आईने ओटीपी फक्त त्याला सांगायचा. तुम्ही हवं तर आईंजवळ बसा. आत गेल्यावर ओटीपी ईमेलवर यायची सोय करता येते का, ते आधी बघायला सांगा. म्हणजे काही राहिलं तरी पुन्हा आईंना त्रास नाही. तुमच्या नव्या खात्याचा ईमेल दुकानाच्या डोमेनवरचा ठेवू नका, जीमेलचा ठेवा. डोमेनच बंद पडलं तर त्यावरचा मेलही बंद, मग पासवर्ड बदलायची लिंक येणार कुठे?

सोलां_आगळ

रविवारी त्यांच्याकडे जाते. डोमेन आलं की एका वर्षाचं शेअर्ड होस्टिंग घेणार, मुंबईचा सर्व्हर बघून. चॅटवर काल रात्री दोन ठिकाणी विचारलं. एकाने आयनोडचा आकडा लगेच दिला, दुसरा अजून 'वरिष्ठांना विचारून सांगतो' म्हणतोय. डीएनएसच्या नोंदी भाचा करणार आहे. त्याची एक शंका: झोहोच्या नोंदी घालताना जुन्या होस्टिंगच्या एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ते सांगणाऱ्या) नोंदी ठेवायच्या की काढायच्या?

पर्वरीकर

काढायच्या. दोन्ही राहिल्या तर काही मेल इकडे, काही तिकडे जातील. एसपीएफची नोंदही एकच असू दे, दोन असल्या तर दोन्ही बाद धरतात.