मदत हवी आहे: पित्ताशयात खडे. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन, दुसरे म्हणतात स्टेंट!

सुटलेला_बाण (मंगळवार, रात्री ९:४०)
आईच्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघालेत. पहिले सर्जन म्हणाले, दुर्बिणीतून पिशवी काढू, तिसऱ्या दिवशी घरी. दुसऱ्यांचं मत घेतलं तर ते म्हणतात, आत्ता ऑपरेशन नको, तोंडातून दुर्बीण घालून स्टेंट टाकू, पुढचं पुढे. स्टेंट हृदयात टाकतात ना? खड्यांशी त्याचा काय संबंध? मला तरी पैसे उकळायचा प्रकार वाटतोय. मी बंगळूरला, आई सांगलीला, भाऊ फोनवर अर्धवट सांगतो. उद्या दुपारी होय-नाही कळवायचंय. अनुभव असेल त्यांनी लवकर लिहा. घरगुती उपाय नकोत.

कुळीथप्रेमी (९:५२)
नकोत म्हणालात तरी सांगतो, कारण ऑपरेशन हा शेवटचा मार्ग. सकाळी कुळथाचं कढण, रात्री पाषाणभेदाचा काढा. माझा नऊ मिलिमीटरचा खडा तीन आठवड्यांत पडला. डॉक्टर बघतच राहिले.

ताकपिठलं (९:५८)
अहो, तुमचा मूतखडा होता. तो लघवीवाटे पडतो. पित्ताशयातला खडा लघवीत कुठून येणार? दोन्ही वेगवेगळ्या गल्ल्या आहेत.

कुळीथप्रेमी (१०:०३)
खडा तो खडाच.

निवृत्त_भूलतज्ज्ञ (१०:११)
बाण, सल्ला नंतर, आधी माहिती द्या. वय? डोळे पिवळे आहेत का? बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं प्रमाण, किती? खडा फक्त पिशवीत आहे की पित्ताच्या नळीतही? एमआरसीपी, म्हणजे त्या नळीचा एमआरआय, केली का? ताप? आणि कुठल्या गोळ्या चालू आहेत?

सुटलेला_बाण (१०:२०)
वय ६३. डोळे थोडे पिवळे. बाकी रिपोर्ट भावाकडे. गोळ्या नेहमीच्याच, बीपीच्या वगैरे.

झुळूक_ठाणे (१०:२४)
माझ्या नणंदेने सफरचंदाचा रस, ऑलिव्ह तेल आणि लिंबू असं सहा दिवस घेतलं. सकाळी शौचात हिरवे हिरवे खडे पडले, मी स्वतः पाहिलेत. पाण्यावर तरंगत होते.

ताकपिठलं (१०:२९)
ताई, ते तेलाचे गोळे. तेल आणि रस आतड्यात एकत्र होऊन साबणासारखे गोळे बनतात, म्हणून मऊ असतात. नंतर परत सोनोग्राफी केली होती का?

झुळूक_ठाणे (१०:३१)
गरजच पडली नाही.

चौकस_आजोबा (१०:४०)
तुमची पिढी नशीबवान. माझी पिशवी १९८४ साली काढली तेव्हा बरगडीखाली वीतभर कापलं होतं, दहा दिवस इस्पितळात. खडे डबीत घालून दिले, अजून कपाटात आहेत. भारतात दुर्बिणीने पहिली पिशवी काढली ती १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी. सरकारी रुग्णालयात, बरं का! मूळ ऑपरेशन तर १८८२ चं, बर्लिनच्या लांगेनबुखचं. तेव्हा घाबरू नका.

निवृत्त_भूलतज्ज्ञ (१०:४८)
आजोबा, इतिहास बरोबर, पण इथे डोळे पिवळे आहेत. खडे नुसते पिशवीत असतील तर कावीळ सहसा होत नाही. एखादा निसटून पित्तनलिकेत अडकला की पित्त तुंबतं, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग पांढुरका होतो, अंगाला खाज सुटते. अशा वेळी नुसती पिशवी काढून भागत नाही, नळी मोकळी करावी लागते. त्यासाठी ईआरसीपी: तोंडातून दुर्बीण लहान आतड्यापर्यंत नेतात, नळीच्या तोंडाला छोटी चीर देतात आणि फुग्याने किंवा जाळीने खडा ओढून काढतात. पिशवी त्यानंतर, बहुतेकदा त्याच भरतीत. आणि नळीतला स्टेंट म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी. हृदयातल्या स्टेंटशी तिचं नाव सोडून काही नातं नाही.

सुटलेला_बाण (१०:५५)
हे समजलं. भाऊ म्हणतोय बिलिरुबिन ४.८, एमआरसीपीत नळीत ८ मिमीचा खडा. पण मग दुसरे डॉक्टर खडा का काढत नाहीत? नुसता स्टेंट टाकून सोडणार म्हणतात. अर्धवट काम कशाला?

रिकामटेकडा (११:०२)
विमा आहे का? पॉलिसी नवी असेल तर पित्ताशयाच्या खड्यांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. खोलीभाड्याची मर्यादाही बघा, त्यावरून बाकीचं बिलही कापतात. नसेल तर महात्मा फुले योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

सुटलेला_बाण (११:०५)
विमा आहे. अँजिओप्लास्टीचे पैसे मिळाले होते तेव्हा, म्हणजे चालेल.

निवृत्त_भूलतज्ज्ञ (११:०६)
कसली अँजिओप्लास्टी?? कधी?

सुटलेला_बाण (११:०९)
आईची. गणपतीच्या आधी. चार महिने झाले असतील. आता ठणठणीत आहे, रोज चालायला जाते. त्याचा पोटाशी संबंध नाही म्हणून लिहिलं नाही.

निवृत्त_भूलतज्ज्ञ (११:१७)
अहो, सगळी गोम तिथेच आहे. हृदयात स्टेंट बसून चार महिने, म्हणजे अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू असणार. भावाला गोळ्यांची पाकिटं बघायला सांगा. रक्त पातळ असताना नळीच्या तोंडाला चीर दिली तर रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून दुसरे डॉक्टर चीर न देता नुसती प्लास्टिकची नळी सरकवून पित्ताला वाट करून देणार. खडा आणि पिशवी नंतर, गोळी थांबवणं सुरक्षित झालं की. मला यात पैसे उकळणं दिसत नाही. पहिल्या सर्जनना अँजिओप्लास्टीचं सांगितलं होतं का?

फटाकडा (११:२१)
एवढं कशाला? क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी बंद करायची आणि करून टाकायचं. माझ्या सासऱ्यांचं हर्नियाचं असंच केलं, जाळी बसवली, काही झालं नाही.

निवृत्त_भूलतज्ज्ञ (११:२६)
सासऱ्यांचा हृदयातला स्टेंट किती जुना होता?

फटाकडा (११:२८)
सात वर्षं.

निवृत्त_भूलतज्ज्ञ (११:३३)
मग ती वेगळी गोष्ट. नव्या स्टेंटमध्ये गोळी मध्येच बंद केली तर आत गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. टाळता येण्यासारखं ऑपरेशन निदान सहा महिने, आधी अटॅक येऊन गेला असेल तर शक्यतो वर्षभर पुढे ढकलतात. कुठली गोळी किती दिवस थांबवायची ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. इथला कोणीही नाही, मीसुद्धा नाही.

फटाकडा (११:३५)
तुम्ही डॉक्टर लोक नेहमी भीतीच घालता.

ओंजळ (११:३८)
मध्येच विचारते, खडेच काढून पिशवी ठेवता येत नाही का? मलाही आहेत दोन, पण दुखत नाही.

ताकपिठलं (११:४४)
पिशवी ठेवली तर तिच्यात परत होतात. विरघळवायच्या गोळ्या मिळतात, पण त्या लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांपुरत्या, महिनोन्‌महिने घ्यायच्या आणि थांबल्या की बऱ्याच जणांना पुन्हा खडे. तुम्हाला त्रास नाही ना? मग बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवतात. जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येऊन पाठीत गेली तर मात्र दाखवा. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा ना.

सुटलेला_बाण (११:५०)
पहिल्या सर्जनना सांगितलंच नव्हतं. भाऊ म्हणतो, त्यांनी विचारलं होतं, पण आई म्हणाली, 'काही नाही, बीपीच्या गोळ्या घेते.' आणि संध्याकाळपासून तिला थंडी वाजून ताप आहे, १०२. तो म्हणाला हवा बदलली म्हणून असेल.

निवृत्त_भूलतज्ज्ञ (११:५२)
धागा बंद करा आणि भावाला फोन लावा. कावीळ, वेदना आणि थंडी वाजून ताप, हे एकत्र म्हणजे तुंबलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला असं धरून चालायचं. उद्या दुपारपर्यंत थांबायचं नाही. आत्ता तातडीच्या विभागात न्या. हृदयाची फाईल, गोळ्यांची पाकिटं, एमआरसीपी सगळं बरोबर. पोहोचल्यावर पहिलं वाक्य 'चार महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय' हे.

झुळूक_ठाणे (११:५५)
देव करो सगळं नीट होवो. रस देऊ नका मग.

सुटलेला_बाण (गुरुवार, सकाळी ७:१५)
उशीर झाला, माफ करा. त्याच रात्री दोन वाजता भरती केली. अँटिबायोटिक लावलं, काल सकाळी स्टेंट टाकला, चीर दिली नाही. पू आला म्हणाले. आज ताप नाही, चहा मागतेय. क्लोपिडोग्रेल चालूच ठेवलीय. पिशवीचं हृदयवाले सांगतील तेव्हा. आता तिला तूप कधीपासून चालेल?

निवृत्त_भूलतज्ज्ञ (७:४०)
छान झालं. तुपाचं तिथल्या डॉक्टरांना विचारा. स्टेंट टाकल्याची तारीख मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा. प्लास्टिकची नळी साधारण तीन महिन्यांत बदलावी किंवा काढावी लागते, नाहीतर तुंबते. बरं वाटलं की लोक विसरतात.

कुळीथप्रेमी (८:०२)
तूप नको. कढण द्या.