घळीतल्या झऱ्याचा पाइप फेब्रुवारीपासून फुरफुरतो

पऱ्याकाठ (राजापूर तालुका):
घळीच्या दोन्ही अंगांना वाड्या, मिळून १८ घरं. सड्याच्या (जांभ्या कातळाच्या पठाराच्या) कडेखाली बारमाही झरा. तिथल्या कुंडीतून ३२ मिमीचा काळा पाइप ६०० मीटर आणलाय, उतार २५ मीटर. जानेवारीपर्यंत पाणी धो धो. आता नळ फुरफुरतो, दुपारी तर बंदच. झऱ्यावर २० लिटरची बादली भरायला दोन मिनिटं लागतात. मोठा पाइप घालावा का?

सायफनवाला:
मोठा पाइप मुळीच नको, त्रास वाढेल. एवढ्या उताराला ३२ मिमीचा पाइप मिनिटाला साधारण ३० लिटर ओढतो आणि झरा देतोय १०. कुंडी आटते, पाइपाचं तोंड उघडं पडतं, हवा आत शिरते आणि उंचवट्यांवर अडकून बसते. खालच्या टोकाला बॉल व्हॉल्व्ह बसवा. कुंडीतून थोडं पाणी बाहेर सांडत राहील इतका तो आवळा. पाइपाचं तोंड पाण्याखाली वीतभर, तळापासून चार बोटं वर, आणि त्याला जाळी. मिनिटाला १० म्हणजे दिवसाला १४,४०० लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या हिशोबाने १८ घरांना पुरून उरतं. पण रात्रीचं पाणी धरायला टाकी हवीच.

जांभ्याचा सडा:
दुपारचं कारण ऊनही आहे. उघडा पाइप तापला की पाण्यात विरघळलेली हवा सुटते. फूटभर पुरा, वणव्यातही वाचेल. प्रत्येक उंचवट्यावर टी (तीन तोंडांचा जोड) आणि छोटा व्हॉल्व्ह लावा. पाणी चालू असताना उघडून बघा: हवा बाहेर आली तर ठीक. तोंडावर धरलेलं बोट आत ओढलं गेलं तर लगेच बंद करा. तिथे पाइप फार वरून गेलाय, तो खाली घ्या किंवा खालचा व्हॉल्व्ह आणखी आवळा.

पऱ्याकाठ:
झरा खणून मोठा करू का? आणि पलीकडच्या वाडीला सारखं पाणी कसं जाईल?

जांभ्याचा सडा:
खणू नका, सुरुंग तर नकोच. जांभ्यात मुरलेलं पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडून बाहेर येतं. तो थर फुटला तर पाणी दुसरीकडे, खालच्या अंगाला निघून जाईल. तोंडावरचा पालापाचोळा तेवढा काढा.
वाटणीसाठी लहान टाकी अगदी पाणसळीत बांधा. एकाच उंचीवर, एकाच मापाची दोन भोकं ठेवा आणि दोन्हींतून पाणी आधी मोकळं पडू द्या, मग पुढचे पाइप. भोकांना थेट पाइप जोडलात तर जास्त उताराची वाडी जास्त ओढेल. व्हाळ (ओढा) ओलांडताना पाइप पुराच्या खुणेच्या वर तारेवर टांगा. तळातून नेलात तर पहिल्याच मोठ्या पुरात दगडधोंडे तो तोडतील.