मदत हवी आहे : मलेशियाचा पाच वर्षांपुरता राजा नक्की काय काय करू शकतो?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात आमचा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा जमतो, कुणीतरी तासभर बोलतं, मग चहा. पुढच्या महिन्यात माझा नंबर. नुकतीच लेकीकडे पेतालिंग जयाला दोन महिने राहून आले, म्हणून 'मलेशियाचा राज्यकारभार' असा विषय देऊन टाकला. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलंय, त्यात काय एवढं, असं वाटलं होतं. टिपणं काढायला बसले आणि अडकले.

मुळात हे डोक्यात आलं नोटेमुळे. दहा रिंगिटच्या नोटेवरचा चेहरा दाखवून मी जावयांना विचारलं, "हेच का इथले राजे?" ते हसायलाच लागले. नोटेवर आहेत तुआंकू अब्दुल रहमान, १९५७ साली देश स्वतंत्र झाला तेव्हाचे पहिले राजे. त्यानंतर राजे बदलत गेले, नोटांवरचा चेहरा तोच राहिला. सध्याचे सतरावे, जोहोरचे सुलतान इब्राहिम, ३१ जानेवारी २०२४ पासून.

मला समजलंय ते असं. एकूण १३ राज्यं. त्यातल्या नऊ राज्यांत वंशपरंपरेने गादीवर बसणारे राजे, बाकीच्या चारांत (पेनांग, मलाक्का, सबाह, सारावाक) नेमलेले राज्यपाल. हे नऊ राजे दर पाच वर्षांनी आपल्यातल्याच एकाला देशाचा राजा करतात. पदाचं नाव 'यांग दि-पर्तुआन आगोंग', बोलताना नुसतं आगोंग. संसदेच्या खालच्या सभागृहाचं नाव 'देवान रक्यात', २२२ खासदार, आपल्यासारखीच मतदारसंघातून थेट निवडणूक. देवान म्हणजे आपलं दिवाण आणि रक्यात म्हणजे चक्क रयत! साताऱ्यात तरी हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. पंतप्रधानाला 'पर्दाना मंतरी' म्हणतात आणि 'भूमिपुत्र' तर 'बुमीपुत्रा' (मलाय आणि इतर मूळ रहिवाशांसाठीचा शब्द) म्हणून थेट राजकारणाच्या मध्यभागी बसलाय.

आता अडचण. पहिली शंका किरकोळ आहे. आगोंग व्हायचा राजांचा क्रम ठरलेला असेल, तर ते निवडताना गुप्त मतदान कशासाठी?

खरी अडचण दुसरी. आपल्याकडे राष्ट्रपती 'नामधारी प्रमुख' हे मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय की आगोंगबद्दलही तेच वाक्य लिहून मोकळी झाले. लेकीच्या शेजारी एक तमिळ शिक्षिका राहतात, त्यांना सहज सांगितलं तर म्हणाल्या, "नामधारी? मग २०२० मध्ये आमचा पंतप्रधान कुणी ठरवला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. राजा स्वतःच्या मनाने नेमका कुठे वागू शकतो आणि कुठे नाही, हे कुणी नीट सांगेल का? ज्ञानकोशातली पानं वाचून झालीत, कृपया दुवे देऊ नका, समजावून सांगा.

जाता जाता, तिथला नगरसेवक कोण असं मी सोसायटीत चार जणांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. हे काय गौडबंगाल आहे?

क्लांगकाठ :
बाई, बारा वर्षं क्वालालंपूरमध्ये आहे, जमेल तेवढं सांगतो.

नगरसेवकाचं आधी उरकतो. इथे स्थानिक निवडणुकाच होत नाहीत. १९६५ मध्ये स्थगित केल्या आणि १९७६ च्या कायद्याने कायमच्या गेल्या. पालिकेचे सदस्य राज्य सरकार नेमतं. त्यामुळे शेजाऱ्यांना दोष देऊ नका, त्यांनी कधी नगरसेवकाला मत दिलेलंच नाही.

क्रमाबद्दल. मतदान खरंच होतं आणि निवडून यायला नऊपैकी किमान पाच राजांची मतं लागतात. राज्यपाल राजांच्या परिषदेत बसतात, पण या मतदानात त्यांचा हात नाही. १९५७ मध्ये ज्येष्ठतेने जोहोरच्या सुलतानांचा मान होता, त्यांनी वयामुळे नकार दिला. पुढचे पाहांगचे सुलतान, त्यांना मतंच मिळाली नाहीत. म्हणून नगरी सेंबिलान पहिलं. नऊही राज्यांची एक फेरी झाली, त्या फेरीचाच क्रम पुढे पाळत आलेत. सध्या दुसरी फेरी संपत आलीय, जोहोरनंतर फक्त पेराक उरलंय. मतदान नुसतं नावाला नाही, अडवायचा हक्क राजांकडे राहतो.

एक गंमत सांगा कट्ट्यावर. केदाहचे सुलतान अब्दुल हलीम दोनदा आगोंग झाले, १९७० मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये. फेरी फिरून परत त्यांच्या राज्यापर्यंत आली तेव्हाही तेच गादीवर होते. असं दुसऱ्या कुणाच्या नशिबी आलेलं नाही.

कायद्याचा कीडा :
मुख्य प्रश्नाकडे येतो. तुमचं वाक्य अर्धं बरोबर आहे. बहुतेक बाबतीत आगोंगना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालावं लागतं. पण राज्यघटनेच्या कलम ४० मध्ये स्वतःच्या निर्णयाच्या जागा स्पष्ट लिहिल्यात. पंतप्रधान नेमणं ही एक. संसद बरखास्त करायची मागणी नाकारणं ही दुसरी. आपल्याकडे ४२ व्या दुरुस्तीने (१९७६) सल्ला बंधनकारक असल्याचं थेट लिहून टाकलं, मलेशियात उलट अपवाद लिहून ठेवलेत.

एरवी या जागा झोपलेल्या असतात. १९५७ पासून २०१८ पर्यंत एकच आघाडी जिंकत आली, राजाला ठरवण्यासारखं काही उरतच नव्हतं. मे २०१८ मध्ये ती पहिल्यांदा हरली, ९२ वर्षांचे महाथीर पुन्हा पंतप्रधान झाले आणि मग फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्याच आघाडीतले लोक फुटले. त्यांची बैठक तुम्ही राहून आलात त्याच पेतालिंग जयातल्या एका हॉटेलात झाली, आणि त्या प्रकरणाला आजही त्या हॉटेलचंच नाव आहे. (काय झाडी, काय डोंगार वगैरे इथे नव्हतं, शहरातलंच हॉटेल.) २४ फेब्रुवारीला महाथीरांचा राजीनामा. मग तेव्हाचे आगोंग, पाहांगचे सुलतान अब्दुल्ला, यांनी खासदारांना राजवाड्यावर बोलावून एकेकाला विचारलं, तुमचा पाठिंबा कुणाला. १ मार्चला महाथीरांच्याच पक्षातले मुह्यिद्दीन यांचा पंतप्रधान म्हणून शपथविधी. संसद मे महिन्यात एकच दिवस भरली, तीही आगोंगच्या भाषणापुरती. बहुमतावर मतदान झालंच नाही.

आता हे आपल्या डोळ्यांनी बघा. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत पहाटेचा शपथविधी झाला तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटलं? सभागृहात बहुमत सिद्ध करा. १९९४ च्या बोम्मई निकालापासून आपला हाच दंडक आहे. मलेशियात उलटं. २००९ मध्ये पेराकचं राज्य सरकार पडलं, तेव्हा विधानसभेत ठराव न होताच सुलतानांनी मुख्यमंत्री बदलला. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विश्वास गमावल्याचं सभागृहाबाहेरूनही ठरवता येतं. ते सुलतान अझलान शाह स्वतः देशाचे माजी सरन्यायाधीश होते, हेही नमूद करा. माझ्या मते तुमच्या व्याख्यानाचा गाभा हाच एक फरक आहे. पुस्तकात दोन्ही राज्यघटना बहिणींसारख्या दिसतात. दिसणारच, मसुद्याच्या रीड आयोगावर अलाहाबाद उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती बी. मलिक होते. पण बहुमत मोजायची जागा वेगळी आहे : आपल्याकडे सभागृह, तिथे राजवाडा.

धागाकर्ती :
कीडासाहेब, टिपणं फाडून नव्याने लिहायला घेतलीत! पण मग एक विचारते. राजा इतका मोकळा असेल तर विधेयकावर सही न करता बसून राहिला तर? आपल्याकडे राज्यपालांचं तेच चालतं ना.

कायद्याचा कीडा :
तिथे मात्र राजाचे हात बांधलेत. १९८३ मध्ये यावरूनच महाथीर आणि राजे यांच्यात जुंपली होती. आज कलम ६६ प्रमाणे ३० दिवसांत सही आली नाही तरी विधेयकाचा कायदा होतो. दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, राजांचं न्यायालयीन संरक्षणही काढलं, त्यांच्यावरच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालय आहे. सही अडवता येत नाही, पण पंतप्रधान निवडता येतो. आणीबाणीचं उदाहरणही घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये मुह्यिद्दीन यांनी करोनाच्या नावाखाली ती मागितली. आगोंगनी बाकीच्या राजांशी बोलून नकार दिला. जानेवारी २०२१ मध्ये मात्र दिली.

क्लांगकाठ :
फुटीरांचं राहिलं की. इथे पक्ष बदलणाऱ्याला 'कातक' म्हणतात, म्हणजे बेडूक. आपल्या आयाराम-गयारामपेक्षा मला हे जास्त आवडतं. २०२० च्या तमाशानंतर ऑक्टोबर २०२२ पासून कायदा आलाय, पक्ष सोडला तर खासदारकी जाते. पण पक्षाने हाकललं तर जात नाही, आणि अख्खा पक्ष आघाडी बदलून गेला तरी नाही. सहा खासदार विरोधी पक्षात राहून पंतप्रधान अन्वर यांना पाठिंबा द्यायला लागले, त्यांच्या पक्षाने नियम बदलून त्यांचं सदस्यत्व संपवलं, तरी जुलै २०२४ मध्ये सभापतींनी जागा रिकाम्या नाहीत असंच सांगितलं. सभापती आणि अपात्रता म्हटल्यावर तुमच्या कट्ट्यावर काय होईल ते मला क्वालालंपूरमधून दिसतंय. चहा लवकर ठेवा.

धागाकर्ती :
चहा आधीच ठेवते. आता अन्वर कसे आले तेवढं सांगा, तोही राजाचाच निर्णय का?

क्लांगकाठ :
हो. नोव्हेंबर २०२२ ला त्रिशंकू संसद, अन्वरांच्या आघाडीला सर्वाधिक म्हणजे ८२ जागा, बहुमताला ११२ हव्यात. आगोंगनी अन्वर आणि मुह्यिद्दीन दोघांना मिळून सरकार करा सुचवलं, मुह्यिद्दीन नाही म्हणाले. राजांशी चर्चा झाली आणि २४ नोव्हेंबरला अन्वरांचा शपथविधी. या वेळी मात्र डिसेंबरमध्ये संसदेत विश्वासदर्शक ठराव आला आणि आवाजी मतदानाने मंजूर झाला. म्हणजे कीडासाहेबांच्या वाक्याला एक शेपूट जोडा : आधी राजवाडा, मग सभागृह.