'भोया', भोळसट, बावळट: एकच का?

प्रश्न (शिरपूर)
कुणीही यावं आणि गंडवून जावं, अशा माणसाला आपल्याकडे खानदेशात 'भोया' म्हणतात. मराठी शब्दकोशात हा शब्द मिळत नाही. पालखीच्या भोयांशी त्याचा संबंध आहे असंही ऐकलं. खरं काय? आणि भोळसट, बावळट म्हणजेच भोया का?

अमळनेर
भाऊ, शब्दकोशात 'भोळा' काढा, लगेच सापडेल. आपल्या अहिराणी बोलीत ळचा य होतो: डोळा-डोया, काळा-काया, केळी-केयी, पुरणपोळी-पुरनपोयी. धुळ्याचं धुये आणि जळगावचं जयगाव त्यातलंच. भोईशी काडीचाही संबंध नाही. 'भोयी' हे स्त्रीलिंगी रूप झटकन म्हटलं की 'भोई' ऐकू येतं, घोटाळा तिथे होतो. मात्र दिसला य की लावला ळ, असंही करू नका. माय, गाय यांतला य मूळचाच आहे.

फैजपूर
जळगावकडच्या लेवा गणबोलीतही हाच य. शब्दाचा पसारा मोठा आहे, गुजरातीत भोळुं, हिंदीत भोला. समोरच्याचं बोलणं खरं धरून चालणारा, एवढाच अर्थ. अक्कल कमी असं त्यात नाही. 'भोळा सांब' घ्या. सांब म्हणजे अंबेसह असलेला शंकर. भस्मासुराला मागेल तो वर दिला आणि तो वर देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धावला! तरी शंकराला कुणी मूर्ख म्हणत नाही.

पारोळा
बावळट वेगळ्या कुळातला. संस्कृत 'वातुल' म्हणजे वाताने डोकं फिरलेला. प्राकृतात तो 'वाउल' झाला, त्यावरून बावळा, हिंदीत बावला. पुढे त्याला ट चिकटला. म्हणजे मुळात फसण्याचा अर्थच नव्हता, वेडसरपणाचा होता. म्हणून 'तो भोया शे' (भोळा आहे) हे घरच्या माणसाबद्दल मायेनं म्हणता येतं. पाहुण्यांसमोर बावळट म्हटलं तर भांडण ठरलेलं. भोळसट या दोन्हींच्या मधला, त्यात थोडा कमीपणा येतोच. लिहिताना भोळा, भाबडा, बावळा लिंगाप्रमाणे बदलतात. भोळसट, बावळट तसेच राहतात. 'भोळसटी मुलगी' चूक.

शिरपूर
आणि 'बकरा'?

अमळनेर
तो स्वभाव नाही, प्रसंग आहे. माणूस बकरा 'होतो' किंवा त्याला बकरा 'बनवतात', तेवढ्या व्यवहारापुरतं. मुरलेला व्यापारीसुद्धा एखाद्या सौद्यात बकरा होतो, त्याला भोया कुणी म्हणणार नाही.